चार हात पाणी

रोज दिवस उगवायच्या आत छबुबाई विहिरीत दोरी सोडायची. सुंभाची दोरी, टोकाला दगड, हाताहातावर गाठ. दगड तळाला टेकला की दोरी वर ओढायची आणि ओल्या गाठी मोजायची. गेवराईकडच्या त्या वाडीत सात घरांनी मिळून पाण्याची संस्था काढली, तेव्हापासून हे काम तिच्याकडे. तिचं माप कुणी पुन्हा घेत नसे. नियम एकच: पाणी चार हातांवर आलं की शेताची मोटार बंद. उरलेलं माणसांना अन् जनावरांना.

दुष्काळाच्या त्या चैत्रात पाणी पाच हातांवर आलं, तसा तिचा पाय घरात ठरेना. तव्यावर भाकरी टाकून ती विहिरीवर जाऊन येई. तिची अन् नवऱ्याची, धोंडीरामची, साठ मोसंबीची झाडं रानात उभी होती. आठ वर्षं पोसलेली. फळ सुपारीएवढं झालेलं.

"उद्या आपली पाळी हाय," धोंडीराम म्हणाला. "चार भरलं तरी पाचच सांग. एका पाण्यावर बाग तगंल."

"आन् दगडाला काय सांगू?"

"दगडाला काय कळतंय! तुला कळतंय म्हणून तर बोलतोय."

सकाळी चार गाठी ओल्या आल्या. पाचवी कोरडी. तिनं दोरी पुन्हा सोडली. पुन्हा तेच. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष मोहनराव काठावर आले.

"किती, छबुवैनी?"

पलीकडं हौदाशी वाडीची गुरं तोंड घालून उभी होती.

"चार."

"आज पाळी तुमचीच ना?"

"मला इचारू नका. आदी फ्यूज काढा."

धोंडीराम आठ दिवस बोलला नाही. ती मात्र थांबेना. बाजेवर बसून अंघोळ, खाली घमेलं. भांडी राखेनं घासून एकाच पाण्यात विसळायची. ते सगळं पाणी कळशीनं बागेत. झाडांवरचा भार कमी व्हावा म्हणून तिनं फळं तोडून टाकली. मग जुन्या मडक्यांना बुडाशी भोक पाडलं, पाणी थेंबाथेंबानं मुळाशी झिरपेल अशी चिंधीची वात ओवली आणि ती बुंध्याशेजारी पुरायला घेतली. नवव्या दिवशी मागं कुदळीचा आवाज आला.

"मापाडीनबाई, किती खोल घेऊ?"

"हातभर. जपून, मुळ्या तुटतील."

मडकी वीसच होती. कुठली वीस झाडं, हे ठरवताना ती दिवसभर बागेत येरझाऱ्या घालत राहिली. त्यातली सतरा जगली. बाकीची सरपणाला आली. ती लाकडं जळत असताना छबुबाई चुलीपुढं बसत नसे.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली. तिची धास्ती काही गेली नाही. सहा वर्षांनी ऐन उन्हाळ्यात काविळीनं तिला अंथरुणाला खिळवलं. शेवटच्या दिवशी सकाळी धोंडीराम रानात निघाला, तेव्हा ती कोपरावर रेटून अर्धी उठली.

"अवं, जाताय तर झाडांच्या बुडाशी पाचट टाका. ऊन लई हाय."