वाचक वाळवू या

अण्णांच्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि त्याला कारण मी होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीतल्या एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ एका सिनेमाला दिला. त्या सिनेमाला नाव होतं, पण आमच्या घरात ते कोणी घेत नसे. 'आपला पिक्चर' म्हटलं की झालं. एकाच मुहूर्तावरच्या दोन लग्नांची सुपारी घेतलेला एक बँडवाला दोन मांडवांच्या मधे धावतो, शेवटी विहिरीत पडतो आणि आतूनही पिपाणी वाजवत राहतो, एवढी ती गोष्ट. अण्णांनी ती किती वेळा बघितली याची मोजदाद नाही. प्रत्येक विनोदाच्या आधी ते आईचा दंड धरून म्हणत, "आता बघ हां, आता बघ," आणि विनोद व्हायच्या आतच हसून मोकळे होत. त्यामुळे प्रत्यक्ष विनोद आमच्यापैकी कोणाला कधी धड ऐकू आला नाही.

मी त्याच खोलीत कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला असे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. (म्हणजे लोक पुस्तकं नेत नाहीत, त्यावर लक्ष ठेवतो.) पिक्चरला मी शेकडो वेळा हजर होतो, पण बघितला एकदाही नाही.

सीडीचा प्लेअर बंद पडला तेव्हा मीच मोठ्या मनाने पिक्चर पेनड्राईव्हवर उतरवून दिला. "सीड्यांचं काय करणार?" अण्णांनी विचारलं. "सांभाळून ठेवतो," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

पुढे दिवाळीच्या सुमारास मला एके ठिकाणी वाचनसंस्कृतीवर व्याख्यान द्यायचं होतं. स्लाइड्स न्यायला पेनड्राईव्ह हवा होता. घरात एकच होता. त्यावर जागा नव्हती. मी जागा केली.

व्याख्यानाला अकरा माणसं होती, त्यातली दोन खुर्च्या मांडणारी. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेनड्राईव्ह टीव्हीला लावला आणि समोर बँडवाल्याऐवजी माझी पहिली स्लाइड आली : 'वाचनसंस्कृती : काल, आज आणि उद्या.'

"विन्या, पिक्चर कुठे गेला रे?"

"तो फॉरमॅट आता टीव्हीला चालत नाही, अण्णा." मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो.

अण्णांचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास. ते गप्प बसले. पण संध्याकाळी सातला टीव्हीसमोर बसायची सवय सुटेना, म्हणून ते माझ्या स्लाइड्सच बघत राहिले. एकदा सगळ्या बावीस बघून झाल्यावर त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "यात विनोद कुठे आहे रे?" मी म्हटलं, "यात विनोद नाही, अण्णा." त्यावर ते म्हणाले, "बघू या. परत एकदा बघतो."

पौषात ते गेले. दोन दिवस साधा ताप आला आणि गेले. पिक्चर राहिला तो राहिलाच.

दहाव्याला नदीकडे जाणारा रस्ता खणून ठेवला होता, तेव्हा गुरुजींच्या संमतीने विधी आमच्या घरामागच्या परड्यातच केला. पिंड ठेवायला सपाट जागा एकच होती : पेरूच्या झाडाखालचा जांभ्याचा चिरा, ज्यावर आई दर मे महिन्यात आमसुलं वाळवते. पिंड ठेवले, आम्ही मागे सरलो. समोरच्या माडावर कावळा बसलेला होताच. उडाला, पेरूपर्यंत आला, दचकला आणि परत माडावर जाऊन बसला.

असं चार वेळा झालं.

"काहीतरी इच्छा राहिली आहे," गुरुजी म्हणाले. "आठवा. बोला. हात जोडून सांगा."

आईने पदर तोंडाला लावला. तिला एकच भीती होती की अण्णा नाराज होऊन गेले. कावळा शिवेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही म्हणून ती परड्यातच बसली.

सुरुवात ताईने केली. माझी मोठी बहीण, लांज्याहून आलेली. "अण्णा, आईला मी नेईन हो माझ्याकडे."

कावळा हलला नाही. आई मात्र हलली. "मी कुठे म्हटलं येते म्हणून?"

"गप गो आई, कावळा ऐकतोय."

मग सगळ्यांनी भाईकाकांकडे बघितलं. भाईकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, पावसला बाग आहे त्यांची. त्या बागेच्या हद्दीवर एक फणस आहे. त्या कापा फणसावरून दोघे भाऊ वीस वर्षं एकमेकांशी फक्त बायकांमार्फत बोलत होते.

"मी काय केलंय?" भाईकाका म्हणाले.

"फणस, भाऊजी," आई म्हणाली.

भाईकाकांनी घसा साफ केला. "अण्णा, अर्धा फणस तुझा."

कावळ्याने मान तिरकी केली.

"पूर्ण म्हणा, काका," ताई कुजबुजली. "मान हलवलीन बघा त्याने."

"अगो, ती त्याची खोडच असेल."

"बारा वाजायला आले," गुरुजी म्हणाले.

"बरं, पूर्ण! मुळासकट तुझा. झालं समाधान?"

कावळा उडाला. पेरूवर आला. दचकला. परत माडावर.

"ह्या विन्याचं डोकं चमकतंय उन्हात," भाईकाका चिडून म्हणाले. "म्हणून बिचकतोय तो. टॉवेल घे रे मेल्या डोक्यावर."

मी माझ्या ताज्या टकलावर टॉवेल घेतला. काही फरक पडला नाही. गुरुजींनी दर्भाची जुडी हातात घेतली. कावळा येतच नसेल तर दर्भाचा करून शिववतात. ते बघून आई हुंदका देऊन म्हणाली, "खऱ्याने शिवू दे हो. एवढं काय चुकलं आमचं?"

आता मला राहवेना. चौघांसमोर बोलायचा मला सराव नाही (व्याख्यानालासुद्धा मी वाचून दाखवतो), तरी टॉवेलखालून मी सगळं सांगितलं. पिक्चर मी पुसला. फॉरमॅटचं खोटं होतं. "अण्णा, चुकलो. आपला पिक्चर सगळे मिळून बघू. मीपण बघीन. हातात पुस्तक न घेता."

सगळे माडाकडे बघत राहिले. कावळा माझ्याकडे बघत राहिला.

"पुसलास तर पुसलास," आई डोळे पुसत म्हणाली. "सीड्या आहेत ना? सांभाळून ठेवतो म्हणाला होतास. कुठे ठेवल्यास?"

मी वर बघितलं. मग ताईने वर बघितलं. मग भाईकाकांनी आणि गुरुजींनीही.

पिंडाच्या बरोबर डोक्यावर, पेरूच्या फांदीला सुतळीने बांधलेला आपला पिक्चर, भाग एक आणि भाग दोन, उन्हात लखलखत गरगर फिरत होता. गेल्या मे महिन्यात आमसुलांवर कावळे बसू नयेत म्हणून मीच तो टांगला होता. शिवाय अण्णा त्याखाली खुर्ची टाकून रोज चहा पीत आणि म्हणत, "चकत्या छान लावल्यास हो. एक कावळा फिरकत नाही."

"अहो, कावळे हाकलायची वस्तू टांगून कावळ्याची वाट बघताय?" गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. "काढा ते आधी."

मी सुतळी तोडली. चकत्या घेऊन चार पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा खाली उतरला आणि शिवला. एकच नाही, मागून आणखी तिघे आले.

आईने हात जोडले. ताई रडली. मीही रडलो. भाईकाका जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे तो फणसासाठी अडला नव्हता."

"शब्द गेला, भाऊजी," आई म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

माझा शब्दही गेलाच होता. तेरावं झाल्यावर ताईने लांज्याहून जुना प्लेअर आणवला. चकत्या साबणाने धुतल्या, मऊ फडक्याने पुसल्या. अख्खा पावसाळा पेरूवर काढलेल्या त्या चकत्यांनी एक घरघर ऐकवली आणि विषय संपवला. पिक्चर कुठे मिळेना. भाईकाका पावसहून मुद्दाम आले होते. सगळे टीव्हीसमोर बसलेले, आणि मी हातात पुस्तक नसल्यामुळे हातांचं काय करावं या विचारात.

"पेनड्राईव्ह लाव," आई म्हणाली.

"आई, त्यावर माझं व्याख्यान आहे."

"तेच लाव. शेवटी तेच बघत होते ते. आणि फॉरमॅटचं त्यांना कळलं होतं. 'टीव्हीला पिक्चर चालत नाही आणि ह्याचं व्याख्यान बरं चालतं,' म्हणाले मला. तुला लाज वाटेल म्हणून बोलले नाहीत."

मी लावलं. एकेक स्लाइड पुढे जाऊ लागली. सहाव्या स्लाइडला शेजारी बसलेल्या आईने माझा दंड धरला.

"आता बघ हां, आता बघ."

सातवी स्लाइड आली. अकरा माणसांसमोर मी गंभीर आवाजात जी समजावून सांगितली होती, आणि जिच्यातली चूक ना मला दिसली होती ना त्यांना, ती. मोठ्या ठळक अक्षरांत 'वाचक वाढवू या'च्या जागी मी टाइप केलं होतं : 'चला, वाचक वाळवू या.'

"विनोद सापडला म्हणाले हो," आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "रोज ह्या पानाला थांबायचे."

भाईकाका खुर्चीत कलंडले. ताईने आमसुलांसारखे चिऱ्यावर वाळत घातलेले वाचक हाताने पसरून दाखवले.

त्याला आता वर्ष होईल. पहिला फणस येऊन गेला. फणस घेऊन भाईकाका स्वतः आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "लाव रे तुझा पिक्चर." व्याख्यानाला मला पुन्हा कोणी बोलावलेलं नाही, पण घरात त्याचे प्रयोग चालू आहेत. वाचनसंस्कृतीवरचं हे एकमेव व्याख्यान असेल, जे लोक आनंदाने पुन्हा पुन्हा बघतात. फक्त सातव्या स्लाइडनंतर कोणी थांबत नाही.