चाळीस सेकंद

दीनानाथ खाजगीवाले वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कर्वेनगरातल्या एका अ‍ॅनिमेशनच्या क्लासला जाऊन बसले. शिकवणाऱ्या पोराने विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात का?" "नाही, मुलाला घरी सोडून आलोय," असं म्हणून त्यांनी संगणक सुरू केला. त्याआधी वीस वर्षं ते शाळांचे तक्ते रंगवत होते. हृदयाचे कप्पे, पाण्याचं चक्र, बेडकाचं पोट. तक्त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा कुरकुर न करता दुसरं शिकले. माझी त्यांची ओळख त्या क्लासातच झाली. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, चित्रकलेत ढ, बोलण्यात पटाईत.

मग आम्ही बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन स्टुडिओ काढला. कामं मी आणायची, चित्रं त्यांनी काढायची. कंपन्या अवाढव्य यंत्रणा उभारतात आणि अगदी शेवटी त्यांच्या लक्षात येतं, की ती चालवायला उद्या जी नवी माणसं येणार त्यांना यातलं ओ की ठो कळणार नाही. तेव्हा त्यांना आमची आठवण व्हायची. पाणी शुद्ध करणारा प्रकल्प असो, नाहीतर आपोआप चालणारं गोदाम. तीन मिनिटांची फिल्म, पहिल्या दिवशी दाखवायला. फिल्ममध्ये बोलणं नसायचं, कारण कामगार पाच राज्यांतले.

दीनानाथरावांची एक पद्धत होती. फिल्म झाली की ती आधी सुशीलाबाईंना दाखवायची. सुशीलाबाई म्हणजे त्यांची बायको, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदाच बघायचं आणि काय कळलं ते सांगायचं. त्या अडल्या की फिल्म नापास. "हिला कळलं की अख्ख्या महाराष्ट्राला कळतं," असं ते त्यांच्या तोंडावर म्हणायचे. "आणि यांना अजून दुधाखालचा गॅस बंद करायचं कळत नाही," असं त्या. बारा वर्षं ही परीक्षा चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका कंपनीच्या गोदामाचं काम आलं. पाच मजली उंचीची मांडणी आणि तिच्यातून रुळांवर धावणारी एक गाडी, जी लोखंडी चिमट्याने खोकी उचलते आणि ठेवते. खोकं अडकलं तर माणसाने लाल बटण दाबायचं आणि थांबायचं. वीज लगेच बंद होते, पण चिमट्याच्या नळ्यांमध्ये दाबाची हवा उरते. ती निघून जायला चाळीस सेकंद लागतात आणि तोवर चिमटा केव्हाही मिटू शकतो. बटण दाबताच लागलेला पिवळा दिवा मग विझतो. त्यानंतर हात घालायचा.

दीनानाथरावांनी ते चाळीस सेकंद पुरते काढले होते. पडद्यावर एक बाई हात मागे बांधून उभी, दिवा जळतोय, बाकी काही घडत नाही. कंपनीच्या दिग्विजयसाहेबांचा मला फोन आला. "केदार, चाळीस सेकंद स्क्रीनवर काहीच होत नाहीये यार. नवीन पोरं मोबाईल काढून बसतील. कट मार ना."

मी दीनानाथरावांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, थांबणं हेच तर काम आहे त्यात." मी म्हणालो, "गाडीला एक फेरी मारायला सहा मिनिटं लागतात, ती आपण पाच सेकंदांत दाखवतो. तेव्हा कोणी फसतं का?" आमच्या धंद्यात वेळ कापतातच, तो कापणं हीच आमची कला. त्यांनी कापला. बटण दाबलं, दिवा लागला, विझला, बाईने हात घातला. सगळं मिळून तीन सेकंद.

सुशीलाबाईंनी फिल्म बघितली आणि एका दमात सांगितलं, "खोकं अडकलं, बटण दाबलं, दिवा लुकलुकला, हात घालून खोकं काढलं. सोपं आहे." पैकीच्या पैकी मार्क. आम्ही खूश होऊन चहा घेतला. आमच्या डोक्यात ते चाळीस सेकंद पक्के होते. बघणाऱ्याच्या डोक्यात ते कुठून येणार, हे आम्हा दोघांपैकी कोणाला सुचलं नाही.

शकू वानखेडे वाशिमहून त्या गोदामात कामाला आली होती. तिशीची, नवरा खडकीत हमाली करणारा, हिला पहिल्यांदाच महिन्याच्या पगाराची नोकरी. चौथ्या दिवशी खोकं अडकलं. तिने बटण दाबलं, दिवा लागलेला पाहिला, फिल्ममधल्या बाईइतकीच थांबली आणि हात घातला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

कंपनीने लिहून टाकलं: प्रशिक्षण दिलं होतं, निष्काळजीपणा कामगाराचा. हा शेरा टिकला असता तर हातामागोमाग नोकरीही गेली असती, आणि वर चूकही तिचीच. कामगार खात्यापुढे सुनावणी लागली. त्याच्या आदल्या आठवड्यात दिग्विजयसाहेब स्वतः आमचा जिना चढून आले. "थांबण्याचा सीन असलेली जुनी फाइल आहे ना? तीच फायनल म्हणून मेल करा. डेट तेवढी मागची टाका." पुढची तीन कामंही आम्हालाच, असं म्हणाले. मी हो म्हणालो. उगाच आडपडदा कशाला, मी लगेच हो म्हणालो.

ते गेल्यावर दीनानाथरावांनी विचारलं, "तारीख कुठली टाकू? तिला दोन हात होते तेव्हाची?"

मी भडकलो. "अहो, आपण तिला हात परत देणार आहोत का? हा स्टुडिओ बंद पडेल. या वयात तुम्हाला काम कोण देईल?"

"कोणी नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मेल त्यांनी केलाच नाही, स्वतः सुनावणीला निघाले. मी मागोमाग गेलो तो त्यांना ऐनवेळी अडवता आलं तर बघावं म्हणून. जमलं नाही. त्यांनी दोन्ही फाइली अधिकाऱ्यांना दाखवल्या, आधी चाळीस सेकंदांची, मग कापलेली. "कंपनीने सांगितलं आणि मी कापलं," ते म्हणाले. "या बाईंनी निष्काळजीपणा केलेला नाही. मी दाखवलं तसंच केलं, तंतोतंत." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो; उठून 'कापायला मी लावलं' एवढं बोललो असतो तर आज मला बरी झोप लागली असती. माझी लाज वाटते मला.

शेरा काढला गेला. कंपनीने तिला फाटकावर बसायची नोकरी दिली आणि आमचं काम बंद केलं.

बाहेर व्हरांड्यात शकू बाकावर बसली होती, पदराखाली हात झाकून. दीनानाथराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, ती फिल्म मी काढली. चूक माझी आहे."

ती गडबडीने उठली. "ते पिच्चर तुमचं व्हय, काका?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर फार बरं झालं असतं. "पहिल्या दिवशी मी लय भेली होती. एवढी मोठी मशीन! आमच्या यायले म्हणलं, मी नाही करत, गावी वापस जातो. मंग ते पिच्चर दाखवलं. इतकं चांगलं समजलं नं काका, माह्यं सारं भेवच गेलं."