मोतीरामनं तपासलेले चाळीस पत्ते

तर मोतीराम सोनवणे पलंगाच्या कडंला बसलाय, मांडीवर बायकोच्या पत्त्यांची डबी, अन् कान दाराकडं. इथवर काल आलो होतो, तेवढ्यात जेवायला हाक आली अन् गोष्ट तिथंच राहिली. आता पत्ते म्हणलं की तुम्हाला लगेच रमी दिसती. तसले नव्हते ते. चाळीस जाड, गुळगुळीत पत्ते; प्रत्येकावर एक चित्र अन् खाली प्रेमाबद्दल, नात्यांबद्दल एक ओळ. सकाळी डोळे मिटून एक ओढायचा, समोर ठेवायचा अन् ती ओळ मनात घोळवत घडीभर गप बसायचं. नात मोनालीनं ती डबी आजीसाठी आणली होती.

पहिल्याच दिवशी मोतीरामनं नाक मुरडलं. "आपल्या घरात कधी कुंडली आली नाय, पंचांग आलं नाय. आता हे भविष्य कशाला?"

"भविष्य नाही ओ आबा, ध्यान आहे," मोनाली म्हणाली. "यात पुढचं काहीच कळत नाही."

आता पुढचं कळत नाही म्हणल्यावर माणसानं निवांत व्हावं. मोतीरामला उलटा घोर लागला. पुढचं नाही, म्हणजे मागचंच असणार. ही बाई रोज सकाळी डोळे मिटून बसती, गालातल्या गालात हसती. त्या मिटल्या डोळ्यांपुढं येतंय तरी कोण?

गडी मुळातच तसला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बांगड्या भरताना कासारानं बायकोचा, मालनबाईचा हात जरा जास्तच वेळ धरला, असं त्याला वाटलं. तेव्हापासून कासार दारात नाही. गुलमंडीच्या बाजारातून बांगड्या स्वतः मोतीराम आणणार. चिकलठाण्याच्या कंपनीत एकतीस वर्षं बेअरिंग तपासण्यात गेलेली, त्यामुळं माप कधी चुकलं नाही. रंग निवडायला मात्र बाईला कधी मिळालं नाही.

अन् आता ह्या पत्त्यांपायी दर रविवारी सिडकोत ध्यान घेणाऱ्या प्रेरणाताईंच्या घरी बैठक. दहा-बारा बायका अन् एकच बाप्या, आप्पासाहेब. खुलताबादचे, मालनबाईच्याच शाळेतले, दोन वर्ग पुढं. तलाठी म्हणून रिटायर झालेले, बायको जाऊन चार वर्षं झालेली. बैठकीला मळ्यातले पेरू आणायचे अन् सुटल्यावर मालनबाईला मुकुंदवाडीत गल्लीच्या तोंडापर्यंत स्कुटीवर सोडायचे. मोतीराम त्या पेरवांना हात लावत नसे. एकदा घरी कुणी नाही असं बघून एक खाल्ला. लई गोड निघाला, अन् त्यानं पोटात आणखीच आग पडली.

त्या रविवारी मालनबाई बैठकीला गेली अन् ह्यानं डबी उघडली. तुम्ही-आम्ही असतो तर ओळी वाचल्या असत्या. मोतीरामनं एकेक पत्ता उजेडाकडं तिरपा धरला अन् कडंवरून अंगठा फिरवला. चित्र काय, कसलंही असतंय. माल किती हाताळलाय हे कड सांगती. एकोणचाळीस पत्ते अजून कोरे करकरीत. एक मात्र कोपऱ्यात मऊ पडलेला, रंग उडून पांढरा झालेला. तो उलटा केला. बाकड्याच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसं, वर नाव 'जुनी ओळख', अन् खाली ओळ: ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, त्याला समोर बसवा.

जुनी ओळख. खुलताबाद. शाळा. दोन वर्ग पुढं. अन् बघा, सवय कशी असती. टेबलावर मोनालीचा लाल पेन पडला होता; तो कधी उचलला, पत्त्याच्या पाठीवर कोपऱ्यात ठिपका कधी दिला, त्याचं त्याला कळलं नाही. कंपनीत खराब नगावर असाच ठिपका द्यायचा, मग तो नग पुढं जात नसे. भानावर आल्यावर थुंकी लावून पुसाय गेला, तर ठिपक्याचा झाला डाग.

संध्याकाळी चहा झाल्यावर मालनबाईनं डबी उघडली.

"हा डाग कुणी पाडला?"

"पोरांनी पाडला असंल."

"पोरं कुठायत घरात? अन् पोरांना काय ठाऊक, खराब मालावर लाल ठिपका देतेत ते."

मोतीरामनं मान खाली घातली, पण तोंड काही आवरलं नाही. "मग खराबच हाय तो. चाळीसातला हाच एक काऊन घासलाय? रोज कुणाला बसवतीस समोर? त्या पेरूवाल्याला?"

"आप्पासाहेबांना?" मालनबाईला एवढं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. "तो माणूस कुणाला बोलू देतोय व्हय? स्कुटीवर बसल्यापासून उतरंस्तवर बांधाची भांडणं सांगायलाय. त्याच्याशी बोलायचं काय राहतंय?"

मोतीरामनं मान वर केली. "मग कुणाला?"

"तुमाला."

"मला? म्या तर दिवसभर इथंच असतो."

मालनबाईचं हसू गेलं. तिनं तो पत्ता त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"आपला अतुल दोन वर्षांचा होता. इथल्याच शाळंत बालवाडीला बाई पाहिजे होती, म्या अर्ज दिला. कागद घरी येईल म्हणले. रोज पोस्टमनची वाट बघितली. पुढं तिथं दुसरीच बाई लागली. एक दिवस हेडमास्तर बाजारात भेटले, म्हणले, तुम्हालाच पहिलं बोलावलं होतं, काऊन नाय आलात? म्या आजवर कुणाला काय बोलले नाय. रोज हा पत्ता काढते, तुमाला समोर बसवते, अन् इचारायचं राहून जातंय. आज इचारते. कागद आला होता का?"

एक 'नाय' म्हणलं असतं तरी खपलं असतं. पोस्टमन मरून गेला, शाळेची इमारतसुद्धा नवी झाली, विचारायला जाणार कोण? मोतीरामनं पत्ता हातात घेतला, दोनदा उलटासुलटा केला. मग बायकोकडं बघितलं अन् बोलला ते असं:

"आला होता. पोस्टमननं माझ्याच हातात दिला, अन् म्या तो कंपनीत जाताना रस्त्यात फाडला. शाळंत सगळे शिकलेले मास्तर. त्यातला एखादा तुझ्याशी नीट बोलंल, अन् मग तुला माझं बोलणं कमी वाटंल, ह्याचं लई भ्या वाटलं मला. आज बी गल्लीत स्कुटीचा हॉर्न वाजला की तसंच वाटतंय, मालन."