मैदागिनची मॉरिस

काशीत दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून कॉलेजला जाताना मी मैदागिनच्या चौकापर्यंत चालायचो. तिथे एक निवृत्त रेल्वे फिटर रोज आपल्या जुन्या मॉरिस मोटारीखाली आडवे दिसायचे. इंजिन सुरू झालं की रेडिएटर गळायचा. तो दुरुस्त झाला की ब्रेक लागायचे नाहीत.

"चाचा, थकते नहीं?" मी एकदा विचारलं.

पान गालात सारून ते हसले. "थकीं काहे? रोज एगो रोग त कम होत हौ!" रोज गाडीचा एक तरी रोग कमी होतो, हा त्यांचा हिशेब.

त्या हिवाळ्यात एका सकाळी बायकोला शेजारी बसवून त्यांनी गाडी रस्त्यावर काढली. शंभर पावलांवर ती बंद पडली. रस्त्यावरचे आम्ही चौघे धावत जाऊन ती ढकलू लागलो. चाची उतरू लागल्या.

"बैठल रहा!" चाचा ओरडले. "गाड़ी चलत त हौ!"

चाची हसत मागे टेकून ऐटीत बसल्या.