चाळीस अक्षरांची ओळख

माझी नोकरी मापं तपासण्याची. चाकणच्या एका कंपनीत स्टँडर्ड रूम नावाची थंडगार खोली आहे, तिथे मी गेली बावीस वर्षं बसते. शॉपवरचे, म्हणजे जिथे यंत्रं चालतात तिथले, मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज माझ्याकडे येतात. मी ते तपासते, स्टिकर लावते, आणि स्टिकर नसलेलं माप कुणी वापरताना दिसलं तर त्याची खैर नसते. खोलीत धूळ चालत नाही, त्यामुळे माणसंही फारशी येत नाहीत. आली तर दारातूनच "मॅडम, झालं का?" एवढं विचारून जातात. मला ते सोयीचं आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

दुसरं काम बिनपगारी. मोजमापाच्या यंत्रांकडून येणारे आकडे संगणकात घ्यायला मी एक छोटा प्रोग्राम वापरायचे. कुठल्यातरी थंड देशातल्या एका गृहस्थांनी लिहिलेला, फुकट, आणि कुणीही उघडून आत बघावा असा. जगभरची माणसं मिळून चालवतात अशी एक खुली संगणकप्रणाली आहे. तिच्यात असे हजारो प्रोग्राम नीट बांधून ठेवलेले असतात, म्हणजे कुणालाही ते चटकन आपल्या मशीनवर घेता येतात. अशा एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला मेंटेनर. या पॅकेजचा आधीचा मेंटेनर कंटाळून निघून गेला तेव्हा मी हात वर केला. नवी आवृत्ती आली की बांधायची, तक्रारी वाचायच्या, आणि कुठे भोक सापडलं, म्हणजे ज्यातून परका माणूस दुसऱ्याच्या संगणकात शिरेल अशी चूक, तर ते लगोलग बुजवायचं. पुढे मूळ लेखकही उत्तरं देईनासे झाले. मग सगळंच माझ्या गळ्यात आलं.

मोशीच्या घरी तेव्हा आई होती. मी काय करते ते तिला कळावं म्हणून मी म्हणाले, "लोकांची कुलपं दुरुस्त करते, फुकट."

"मग च्या तरी पाजत्यात का?" तिने विचारलं.

चहा कोण पाजणार? लोकांना पॅकेज आठवतं ते बिघडल्यावर. अकरा महिने सगळं सुरळीत चाललं तर एक ओळ कुणी लिहीत नाही, आणि बाराव्या महिन्यात कुणीतरी परदेशातून खडसावतो की इतके दिवस झोपा काढत होतात का. मीही त्याला चांगलं सुनावते. माझी जीभ मेलमध्येही तिखटच आहे.

अशात एकाने मदत करायला सुरुवात केली. नावाच्या जागी तीन अक्षरं आणि एक आकडा, बस. पहिली दुरुस्ती पाठवली ती इतकी स्वच्छ होती की मी दोनदा तपासली, चूक सापडत नाही म्हणून चिडले आणि मग घेतली. आमचं सगळं लिहिणं इंग्रजीत, तेही कामापुरतं. तो कधी स्वतःबद्दल बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. पण तीन वर्षं एकाच प्रोग्रामच्या ओळी दोघांनी चाळल्या की माणूस कळतो. तो घाई करत नसे. माझी चूक दाखवायची तर "माझं चुकत असेल, पण" अशी सुरुवात करायचा, आणि त्याचं कधीच चुकलेलं नसायचं.

एकदा एका कामाला उशीर झाला तेव्हा त्याने लिहिलं, "आज गुरुवार, लाईट नाही." मी खुर्चीत ताठ बसले. गुरुवारी लाईट जाते ती आमच्या पट्ट्यात. भोसरी, चाकण, तळेगाव, इकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची आणि वीजवाल्यांची दुरुस्तीही गुरुवारचीच. मी त्याला कुठल्या कुठे, समुद्रापार बसवलं होतं आणि हा गडी स्कूटरवरून जाता येईल एवढ्या अंतरावर होता! मी फक्त कामाचं उत्तर दिलं. पण त्यानंतर गुरुवारी पंखा बंद पडला की मनात यायचं, तिकडेही पडला असेल.

आई गेली त्या दिवसांत मी मेल उघडलीच नाही. दहाव्यानंतर पाहिलं तर तीन तक्रारी येऊन गेलेल्या, तिन्ही सोडवून ठेवलेल्या. बांधलेलं पॅकेज माझ्या सहीसाठी थांबलं होतं, कारण शेवटची सही करायचा अधिकार माझ्याकडेच होता. खाली त्याने लिहिलं होतं, "तुम्ही नव्हतात. सगळं ठीक आहे ना?" नातेवाइकांनी घर भरलं होतं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

मग ती बातमी आली. दुसऱ्याच कुठल्या पॅकेजमध्ये एका गोड मदतनिसाने काही वर्षं इमानाने काम केलं, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला, आणि मग हळूच चोरवाट घालून दिली. आमच्या जगात हलकल्लोळ झाला. मी ते शेवटपर्यंत वाचलं. थकलेला मेंटेनर, तो मीच. गोड मदतनीस, तोही माझ्याकडे होता. त्याच्या तीन वर्षांच्या सगळ्या दुरुस्त्या मी परत ओळ न् ओळ तपासल्या. आठ शनिवार-रविवार गेले. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचीच मला भीती वाटू लागली, इतकं माझं डोकं फिरलं होतं.

आमच्यात ओळख पटवायची एक जुनी रीत आहे. प्रत्येकाची एक डिजिटल चावी असते आणि त्या चावीची खूण म्हणजे चाळीस अक्षरं-आकडे. दोघांनी समोरासमोर बसायचं, सरकारी ओळखपत्र बघायचं, आपापली चाळीस अक्षरं कागदावरून मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मग घरी जाऊन दुसऱ्याच्या चावीवर आपली सही करायची. मी त्याला लिहिलं की भेटल्याशिवाय यापुढे तुझं काम घेता येणार नाही. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. गुरुवारी दहा वाजता, तळेगाव स्टेशनजवळच्या हॉटेलात. हॉटेलचं नाव दिलं होतं. फोन नंबर मी मागितला नाही आणि दिलाही नाही. नंबरावर कुणीही कुणाचंही सोंग घेऊ शकतं, असं मी तोऱ्यात लिहिलं. कागद आणि ओळखपत्र पुरेसं आहे, असंही लिहिलं. कोण कसा दिसतो, कुठे बसेल, हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. चाळीस अक्षरं जुळवायची तयारी झाली होती, एवढ्यावर आम्ही खूश.

मी देहूच्या रस्त्याने स्कूटर काढली आणि पावणेदहालाच पोचले. सुट्टीचा दिवस, हॉटेल भरलेलं, लाईट गेलेली. दाराजवळचं एक टेबल नेमकं रिकामं झालं, ते मी धरलं. कागद पर्समध्ये होता. पस्तिशीचा, चष्मेवाला, पाठीला लॅपटॉपची बॅग असा कुणी दिसतो का ते बघत बसले. असे चार आले. चौघांकडे मी टक लावून पाहिलं, एक तर ओशाळून उठून गेला. चहा गार आला म्हणून वेटरला झापलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, लाईट नाय, माझा काय दोष?"

आपल्याकडे गर्दीच्या हॉटेलात चार खुर्च्या कुणी एकट्याने अडवत नाही. कुणीतरी येतं, विचारतं, बसतं. तशी एक बाई आली. चाळिशीची, सुती साडी, त्यावर रात्रपाळीवरून आल्यासारखा कंपनीचा निळा कोट, हातात पिशवी.

"ताई, ही खुर्ची मोकळी हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "माणूस यायचंय."

"बरं, बरं," म्हणत ती हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलाकडे गेली. मी पुन्हा दाराकडे बघू लागले. बारा वाजले तेव्हा उठले. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती: हा माणूस नाहीच, हे कुणाचं तरी सोंग आहे.

त्याच संध्याकाळी मी आमच्या सामायिक मेलयादीवर लिहिलं, जिथलं सगळ्यांना दिसतं. ठरलेल्या जागी व्यक्ती आली नाही, तिची ओळख सिद्ध नाही, म्हणून तिचे पॅकेजमध्ये बदल करायचे अधिकार मी काढून घेत आहे. आणि काढूनही घेतले. एका बटणाचं काम. तीन वर्षांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. दोघातिघांनी "योग्य निर्णय" असं लिहून माझी पाठ थोपटली. मला त्याचं बरं वाटलं, हे लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही सगळ्यांसमोर. इंग्रजीतच, पण मला ते तेव्हापासून मराठीतच आठवतं.

"मी दहा ते साडेबारा तिथे होते. बेसिनजवळच्या टेबलावर. तुमच्या मेलखाली नुसतं आडनाव असतं आणि भाषा कडक, त्यावरून मी एखादे रिटायर्ड साहेब शोधत होते. दाराजवळ एक बाई टेबल अडवून बसल्या होत्या. त्यांना मी खुर्ची मागितली. त्या म्हणाल्या, माणूस यायचंय. माझं चुकत असेल, पण त्या तुम्ही होतात का?"

मी ते स्टँडर्ड रूममध्ये वाचलं. खोलीचं तापमान कायम वीस अंश असतं आणि मला घाम फुटला. मी बाई असून मला बाई दिसली नाही. एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. बाबा पिंपरीच्या कंपनीत असाच निळा कोट घालून जायचे. आमच्या घरी सगळेच "हाय-न्हाई" बोलायचे, मी शाळेत जाऊन ते पुसून टाकलं. आणि तो कोट, ती बोली समोर येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या मनात हेच आलं की मी ज्याची वाट बघते ते माणूस हे नव्हेच. गेज हातात घेतल्याशिवाय मी कधी नापास केलेला नाही. तिला मात्र मी नजरेनेच नापास केलं होतं.

मी यादीवर सगळ्यांसमोर माफी मागितली आणि तिचे अधिकार परत दिले. मग तिला एकटीला एक मेल लिहिली, मराठीत. इंग्रजीत माफी मागणं फार सोपं असतं, दोन शब्दांत सुटता येतं. मराठीत मला दुपार लागली. आई गेली तेव्हा तुम्ही एकट्यांनीच मला विचारलं होतं, हेही लिहिलं. पुढच्या गुरुवारी दहा वाजता मी तिथेच असेन, कागद टेबलावर उभा करून ठेवते, असं शेवटी लिहिलं.

मी गेले. कागद साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवला. वेटरने मला ओळखलं आणि न सांगता कढत चहा आणला. ती आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आली नाही. तिने अधिकार घेतले नाहीत की नाकारले नाहीत. पॅकेजमध्ये तिची शेवटची दुरुस्ती जिथे होती तिथेच राहिली.

दिवाळीनंतर भोक सापडलं, खरंखुरं. यंत्राकडून येणारा निरोप किती लांबीचा आहे ते प्रोग्राम तपासतच नव्हता. कुणी मुद्दाम लांबलचक निरोप पाठवला तर संगणकाचा ताबा घेऊ शकला असता. ते जाहीर झालं होतं, त्यामुळे हातात फार तर दोन दिवस होते. मी रजा टाकली, दुरुस्ती लिहिली, जुन्या आवृत्त्यांना बसवली आणि सगळ्यांनी बघावी म्हणून यादीवर टाकली. कोण बघणार? मला माहीत होतं, कुणी नाही. दुसऱ्या दिवशी सही करायला बसले तेव्हा एक मेल आलेली होती. तिच्या चावीची सही असलेली. नमस्कार नाही, "माझं चुकत असेल"सुद्धा नाही.

"लांबी शून्य आली तर?"

मी पाहिलं. लांबी शून्य आली तर माझी दुरुस्ती भोक बुजवत नव्हती, नवं पाडत होती. माझ्या सहीने ते हजारो संगणकांवर गेलं असतं. मी ते सुधारलं, बांधलं, पाठवलं. बदलांच्या नोंदीत तिची तीन अक्षरं आणि आकडा माझ्या नावाच्या वर घातला. तिला लिहिलं, "बरोबर होतं तुमचं. नेहमीसारखं." उत्तर आलं नाही. पण पॅकेजवर तिची नजर आहे, एवढं मला कळलं. माझ्यावर आहे की नाही, ते विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे.

तिच्या चावीवर अजून कुणाचीच सही नाही. मी मधूनमधून बघते. माझी करायची तर ती समोर बसली पाहिजे, ओळखपत्र दाखवलं पाहिजे, चाळीस अक्षरं वाचली पाहिजेत. तो नियम मी तिच्यासाठीही मोडणार नाही, आणि मोडलेला तिला आवडणारही नाही. तिची चाळीसच्या चाळीस अक्षरं मला आता पाठ आहेत. तिचा चेहरा मात्र आठवत नाही. मी नीट पाहिलाच नव्हता.

महिन्यातून एका गुरुवारी मी अजून तळेगावला जाते. दाराजवळचं टेबल मिळालं तर तेच घेते, कागद उभा करते आणि चहा मागवते. गर्दी झाली की कुणी ना कुणी येऊन विचारतं, इथे कुणी आहे का. मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते, मग हातात कागद आहे का ते बघते. कागद नसतो. मी पर्स मांडीवर घेते आणि म्हणते, "बसा की."