रंगाऱ्याने अडवलेली भिंत

इंग्लंडमधल्या नॉरिचच्या आमच्या चिमुकल्या सेंट विथबर्गा चर्चमध्ये दर शनिवारी हिल्डा थर्टलबाई पाहुण्यांना गारगोटीच्या भिंती आणि ओकचं छत दाखवतात. वय चौऱ्याहत्तर, आवाज घंटेच्या वरचा. "बघितलंत? नाही बघितलंत! वर बघा!" असं म्हणाल्या की सहाफुटी जर्मन गृहस्थही शाळकरी पोरासारखा वर बघतो.

चर्चचा वेदीकडचा भाग सरळ नाही, डावीकडे कललाय. बाई तीस वर्षं सांगत आल्या, "क्रूसावर प्रभूची मान कलली होती ना, म्हणून गवंड्यांनी मुद्दाम तसं बांधलं." सांगताना त्या स्वतःची मान कलवायच्या. मग ऐकणाऱ्यांच्याही कलायच्या. दारातून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदमच उसण भरली.

नवे पाद्री, रेव्हरंड पॉस्नेट, यांना हे पटेना. जुन्या इमारतींचे जाणकार डॉक्टर ऑलडे यांना त्यांनी बोलावलं आणि बाईंना आधीच बजावलं, "चुकीचं निघालं तर तुमची शनिवारची फेरी बंद. माहितीचा फलक लावू." त्या शनिवारी बाई ठेवणीतली टोपी घालून आल्या.

माना कलल्या आणि ऑलडेसाहेब खाकरले. "म्हणजे... अंऽ... याला पुरावा नाही. चौदाशे तीसमध्ये हा भाग वाढवला. पलीकडे एका रंगाऱ्याचं अंगण. त्याने जागा दिली नाही, म्हणून भिंत वळवली. कागद आहे."

पॉस्नेटांनी अंत्यविधीचा आवाज काढला, "हिल्डा, मग थांबायचं का आपण?"

"तुम्ही थांबा हो! डॉक्टर, किती जागा हवी होती?"

"अंऽ... दीड हात."

"दीड हात! आणि देवाला नाही म्हणाला मेला? नाव काय त्याचं?"

"सायमन."

बाई पाहुण्यांकडे वळल्या. "मंडळी, तीस वर्षं मी चुकीचं सांगितलं. आता खरं ऐका." कमरेवर हात ठेवून त्या सायमन झाल्या. "'फादर, देव सगळीकडे असतो ना? मग माझ्याच अंगणात कशाला?'"

पाहुणे खो खो हसले.

"तो असं बोलल्याची नोंद नाही," ऑलडे म्हणाले.

"न बोलता भिंत वळली का?"

पाहुण्यांतला एक जर्मन गृहस्थ पॉस्नेटांना विचारत होता, पुढच्या शनिवारी बायकोला आणलं तर चालेल का.

फेरी चालू राहिली. पॉस्नेटांची अट एकच, सायमनने दोन वाक्यांत आटपायचं. सध्या तो अकरा वाक्यं बोलतो, आणि मध्येच त्याची बायकोही येऊन भांडते.