लाल मुंग्यांची चटणी

बाबांची सगळी नोकरी बस्तरच्या जंगलात झाली. शेवटच्या आजारात, इंदूरच्या घरी, त्यांच्या तोंडाची चवच गेली. एक दिवस म्हणाले, "चापडा मिळेल का गं?"

चापडा म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. तिकडे तापात ती देतात, अंगात ताकद येते म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं.

"प्रोटीन तर असतं त्यात. पण आता फरक नाही पडणार. खाऊ द्या."

त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानं वाळवलेल्या मुंग्या पाठवल्या. घरात कधी अंडंही न आणणाऱ्या आईनं त्या मिरची-मीठ घालून स्वतः वाटल्या. बाबांनी बोट चाटलं.

"आंबट लागतंय," म्हणाले आणि रडू लागले.

त्याच आठवड्यात ते गेले.

आई अजून विचारते, "आधी दिली असती, तर वाचले असते का गं?"

मी तिच्याजवळ बसते.